चालकांची अचानक दारू-नशा तपासणी: नावं कशी काढायची, आणि माझ्या हातून झालेली चूक कशी निस्तरायची?

वाडी नाका यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर आहे, चौदा वर्षं झाली. २२ ट्रक आणि हिंगणा एमआयडीसीतल्या कामगारांना आणायच्या-सोडायच्या ६ बस, एवढं आमचं काम. चालक एकूण ३१.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही ज्या कारखान्याचा माल उचलतो त्यांनी करारात नवीन अट टाकली. ट्रान्सपोर्टवाल्याने चालकांची दारूची तपासणी करायची, दर तीन महिन्यांनी दहा टक्के चालकांची लघवीची नशा-तपासणी करायची, दोन्ही न सांगता, अचानक. वही ठेवायची, मागितली की दाखवायची. शेठजींनी ब्रेथ ॲनालायझर आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, आजपासून हे तुझ्याकडे.

अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. इथून पुण्याला निघालेली खासगी बस १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ माणसं गेली. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणी धड जेवलं नाही. तो अपघात कशाने झाला हा इथला विषय नाही, पण त्यानंतर पहाटेची बस गेटबाहेर पडताना मी दिव्यांकडे बघत उभा राहतो, ती सवय अजून गेलेली नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. शेठजींनी पहिल्याच दिवशी पाच नावं दिली. एक जण मागे दारू पिऊन घरी भांडलेला, दोघं युनियनचं बोलणारे, एक उधारीत बुडालेला, आणि एक का, ते मला आजही कळलेलं नाही. तीन आठवडे मी त्याच पाच जणांना फुंकायला लावलं आणि वहीत प्रत्येक वेळी "रँडम" असं लिहिलं. अक्षर माझं आहे.

चौथ्या आठवड्यात कारखान्याचा माणूस वही बघायला येणार होता. सारखी तीच नावं दिसू नयेत म्हणून मी एक खात्रीचं नाव घातलं. आमचे सगळ्यांत जुने चालक. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कधी थेंबाला न शिवलेला माणूस. ट्रक मागे घ्यायला मला त्यांनीच शिकवलं होतं, "आरशात चाकाकडे नको पाहू, चाक जिथं न्यायचं तिथं पाहा" असं म्हणत.

पहाटेचे पावणेसहा. रायपूरचा माल भरून गाडी उभी, तारपत्री बांधून झालेली, बिल्टी काकांच्या खिशात. काकांनी दुपट्ट्याच्या टोकाने नळीचं तोंड पुसलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि फुंकलं. स्क्रीनवर १८ आलं. काकांनी तो आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "बाबू, मी पीत नाही. तुले तं माहीत आहे न."

मला माहीत होतं. तरी मी दुसऱ्या चालकाला गाडीवर बसवलं. पुन्हा फुंकायला लावलं नाही, कारण तसं करायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर कळलं की काका गुडघ्यासाठी होमिओपॅथीचं औषध घेतात, आणि गेटवर येता येता त्यांनी थेंब जिभेवर टाकले होते. तोवर कुणीतरी स्क्रीनचा फोटो काढला होता. त्यात काकांचा हातही दिसतो, अंगठीसकट. सातच्या आत तो फोटो गाड्यांच्या ग्रुपवर.

आज अकरा दिवस झाले, काका कामावर आलेले नाहीत. फोन सूनबाई उचलतात आणि "बाबा झोपले आहेत" म्हणतात. दुपारी चारलाही झोपलेले, रात्री आठलाही.

ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी सांगा. नावं खरोखर न ठरवता कशी काढायची? १८ चा अर्थ काय धरायचा? लघवीची तपासणी आम्हाला अजून करायची आहे, ती कशी करायची म्हणजे परत असं होणार नाही? आणि कुणी खरोखरच प्यायलेला सापडला तर त्याचं पुढे काय करायचं? शेठजी म्हणतात, सरळ काढून टाक. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय, हे मला नीट मांडता येत नाही.

---

अजनी लॉबी

सुपरवायझर साहेब, मी मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातून लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं ड्युटीवर येताना फुंकलं, ड्युटी संपवताना फुंकलं. लॉबीत, म्हणजे ड्युटीवर हजर होण्याच्या खोलीत, साइन-ऑन करायचं तर आधी मशीन. सहायक असो, मालगाडीवाला असो, मेलवाला असो, मागे रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस तेच करणार असतो. त्यामुळे त्यात कमीपणा वाटायला जागाच राहत नाही. तुमच्याकडे पाच जणांना बाजूला काढलं, म्हणून ते फुंकणं शिक्षेसारखं झालं.

म्हणून पहिलं सांगणं हे, की दारूच्या तपासणीत नावं काढूच नका. ३१ च्या ३१ जणांनी, रोज, गाडीची किल्ली घेण्याआधी फुंकायचं. माणशी एक मिनिट लागतं. सगळ्यांत आधी तुम्ही स्वतः फुंका, सर्वांसमोर. शेठजी त्या वेळी तिथे असतील तर त्यांनीही. चिठ्ठ्या ठेवा त्या वाटेतल्या किंवा परतीच्या तपासणीसाठी आणि लघवीच्या तपासणीसाठी.

आता १८ बद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. त्यावर गेलं तर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुमच्या काकांना पोलिसांनी नाक्यावर थांबवून फुंकायला लावलं असतं आणि तिथेही १८ आलं असतं, तरी गुन्हा झाला नसता. मालकाला त्याहून कडक, अगदी शून्याचा नियम करता येतो. बस चालवणाऱ्यांसाठी तर करावाच. पण तो आधी कागदावर, मराठीत आणि हिंदीत, वाचून दाखवून, सह्या घेऊन करायचा. आकडा आल्यावर नियम सांगायचा नाही.

औषधाची गोष्ट मला नवी नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने लोको पायलटांना ड्युटीआधी नारळपाणी, काही फळं, खोकल्याचं औषध, माउथवॉश, होमिओपॅथीचं औषध यांवर बंदी घालणारं पत्रक काढलं होतं. मशीन दारू दाखवत होतं आणि रक्ताच्या तपासणीत काही निघत नव्हतं. बोभाटा झाला आणि पत्रक मागे घ्यावं लागलं. त्या वेळी आमच्या जुन्या ग्रुपवर एकच बोलणं होतं: मशीनवर शंका आली तर मशीन तपासा, माणसाचं खाणंपिणं का तपासता?

तोंडात राहिलेला अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत जातो, रक्तातला तेवढ्यात जात नाही. म्हणून शून्यापेक्षा काहीही आलं तर माणसाला साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, पंधरा मिनिटं नजरेसमोर बसवा, काही खाऊ-पिऊ देऊ नका, विडी-तंबाखूही नाही. नळी बदला. परत फुंकायला लावा. दोन्ही आकडे वेळेसह वहीत, चालकाची सही, आणि त्याने स्वतः निवडलेल्या एका सहकाऱ्याची सही. कॅलिब्रेशनची, म्हणजे मशीन बरोबर मोजतं का ते तपासल्याची, तारीख मशीनवर चिकटवलेली असते, ती संपली असेल तर ते मशीन कपाटात ठेवा. आणि नागपूरच्या मे महिन्यात ते गाडीच्या केबिनमध्ये तापत ठेवू नका, हे विसरू नका.

दुसऱ्यांदाही आकडा आला तर त्या दिवशी गाडी नाही. बस्स, त्या दिवशी तेवढंच. पुढची कारवाई करायची असेल तर लेखी आरोप, त्याचं म्हणणं, चौकशी, या क्रमाने. गेटवर कुणाची नोकरी जाऊ नये.

---

हिंगणा रोड

मी त्या स्टाफ बसमध्ये बसणारी आहे. तुमचीच असेल असं नाही, पण तशीच. पहाटे ५.२० ला स्टॉपवर उभी असते, अंधारात. बसमध्ये चढताना मी रोज चालकाच्या बाजूने जाते आणि श्वास घेऊन बघते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एकदा वास आला होता. तेव्हा मी उतरले नाही, कारण उतरले असते तर हजेरी गेली असती. पूर्ण रस्ताभर पुढच्या सीटचा दांडा धरून बसले.

काकांबद्दल वाईट वाटलं. पण ३० ची मर्यादा वगैरे आम्हाला सांगू नका. चाळीस बायका-माणसं घेऊन जाणाऱ्याचा आकडा शून्यच पाहिजे. तपासणी रोज, सगळ्यांची, हे वरच्या दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. आणि ती वही कारखान्याच्या माणसाला दाखवता तशी आम्हालाही दिसावी. बसच्या दारावर आजची तपासणी झाल्याची वेळ लिहिलेला कागद लावला तरी पुरे.

---

धंतोली लॅब

सतरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लघवीच्या तपासणीबद्दल सांगते. त्याआधी दारूबद्दल एक हिशेब, कारण "रात्री घेतली, सकाळी उतरली" हे चालकांकडून मी फार ऐकते.

एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनात ६० ग्रॅमच्या आसपास. ६५ किलोच्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण १३५ मिलिग्रॅमपर्यंत चढतं. शरीर ते तासाला १५ च्या आसपास उतरवतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. म्हणजे एका क्वार्टरला ३० च्या खाली यायला सात तास, शून्यावर यायला नऊ. रात्री अकराला दोन क्वार्टर संपवून झोपलेला माणूस पहाटे पावणेसहाला तुमच्या गेटवर येतो तेव्हा त्याचं रक्त अजून १७० च्या आसपास असतं. त्याला स्वतःला ठीक वाटत असतं, आंघोळ झालेली असते, कपाळाला गंध असतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाणी यातल्या कशानेही ते लवकर उतरत नाही. हा हिशेब मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. पुष्कळ जण खोटं बोलत नसतात, त्यांना हे खरंच माहीत नसतं.

आता लघवी. श्वासाची तपासणी "आत्ता" सांगते. लघवीची तपासणी "मागच्या काही दिवसांत" सांगते. हा फरक शेठजींच्या डोक्यात पक्का बसवा. गांजा एखाद्या वेळी ओढला तर काही दिवस दिसतो, रोजचा असेल तर काही आठवडे. महाशिवरात्रीला घेतलेली भांगही लघवी तपासायच्या त्याच पट्टीवर दिसते, पट्टीला भांग आणि गांजा वेगळे कळत नाहीत. म्हणून पट्टीवर रेघ उमटली यावरून माणूस आज नशेत आहे असं कुणीही म्हणू शकत नाही.

बाजारात मिळते ती पट्टी म्हणजे फक्त चाळणी. ती एका प्रकारच्या पदार्थांना मिळून प्रतिसाद देते. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधाने अफूची पट्टी बोलते. खसखशीनेसुद्धा बोलू शकते. अमेरिकेत याच कारणाने १९९८ मध्ये अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. आपल्याकडे अनारशावर खसखस असते, पांढऱ्या रश्शात असते, उन्हाळ्यात थंडाईत असते. तेव्हा पट्टीवर काही आलं तर तोच नमुना मोठ्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीवर गेला पाहिजे. तिथे नेमका पदार्थ आणि त्याचं प्रमाण कळतं. तोवर निकाल "नक्की नाही" असाच धरायचा आणि नाव कुणालाही कळता कामा नये.

ऑफिसच्या संडासात प्लास्टिकच्या ग्लासात नमुना घेऊ नका, हात जोडून सांगते. लॅबमध्ये पाठवा किंवा लॅबच्या माणसाला बोलवा. नमुना दोन बाटल्यांत विभागायचा, दोन्ही चालकासमोर सीलबंद, सीलवर त्याची सही. एक तपासायची, दुसरी तशीच ठेवायची. त्याला निकाल मान्य नसेल तर दुसरी वेगळ्या लॅबला. ताजी लघवी साधारण ३२ ते ३८ अंश असते, बाटलीवरच्या पट्टीवर चार मिनिटांच्या आत तेवढं बघितलं की बदललेली आहे का कळतं. त्यासाठी कुणी आत उभं राहून बघायची गरज नसते. दार बंद ठेवू द्या माणसाला.

औषधं कोणती चालू आहेत हे सुपरवायझरने विचारू नये. ते डॉक्टरने, एकांतात, निकाल आल्यावर विचारायचं. चालकाला झोपेची गोळी कशासाठी लिहून दिली आहे हे तुम्हाला कळण्याचं काहीच कारण नाही. एक मात्र उलट बाजूने सांगते. सर्दीच्या साध्या गोळीने, सेट्रिझिनने किंवा क्लोरफेनिरामाइनने, भरपूर पेंग येते आणि ती कुठल्याच पट्टीवर दिसत नाही. चालकांना एवढं तरी सांगून ठेवा, की डॉक्टरकडे गेल्यावर "मी गाडी चालवतो" हे पहिलं वाक्य असू द्या.

---

आऊटर रिंग रोड

राजेहो, मी ट्रक चालवतो, अठरा वर्षं झाले. तपासणीले माझा विरोध नाही. पिऊन गाडीवर बसणारा मलेही नको, तो समोरून माझ्याच अंगावर येते.

पण तुम्ही सारे मशीनचं सांगून राहिले, तं एक गोष्ट माझी ऐका. मागच्या उन्हाळ्यात भिवंडीहून निघालो. आमण्यापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंत समृद्धी ७०१ किलोमीटर. रस्ता सरळ, ना गाव ना वळण, ना कोणी आडवं येत. निघायच्या आधी दिवसभर लोडिंगसाठी रांगेत उभा होतो, झोप नाही. मालकाचा फोन दर दोन तासाले, कुठवर आला, कुठवर आला. पहाटे तीनच्या सुमारास क्लिनरनं माझ्या डोळ्याखाली बाम चोळला. डोळ्यातून पाणी येऊन राहिलं होतं अन् मी गाडी हाकून राहिलो होतो. टोलच्या रांगेत थांबलो, अन् मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा कळलं का मी झोपलो होतो. पाय ब्रेकवर होता म्हणून वाचलो. किती वेळ झोपलो होतो, देवाले माहीत.

सकाळी मालकाच्या गेटवर फुंकलं. ०००. वहीत लिहिलं, चालक योग्य.

काहून काही पोरं गोळ्या खातात, काहून कोणी ढाब्यावर भुक्की, म्हंजे अफूच्या बोंडाचा चुरा, मागते, ते इचारलं का कोणी? मौज म्हणून नाही घेत. पोहोचायचं असते म्हणून घेतात. अन् रात्रभर जागल्यावर घरी झोप येत नाही म्हणून मग दारू. दोन्हीची मुळी एकच आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहून ठेवलं होतं, दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८, सलग ५ तासानंतर निदान अर्धा तास आराम. साठ वर्षं झाले त्याले. माझा बाप असता तं त्यालेही हे वाचून दाखवलं असतं.

तं सुपरवायझर भाऊ, तुमच्या त्या वहीत एक रकाना वाढवा: मागची ड्युटी किती वाजता संपली. आकडा शून्य असला अन् तो रकाना बरोबर नसला तरी किल्ली द्यायची नाही. हे तुम्ही केलं तं तुमच्या चालकांपैकी एकही जण फुंकायले नाही म्हणणार नाही, हे मी लिहून देतो.

अन् काकाले फोन नका करू. घरी जा.

---

शंकरनगर चौक

फोटो कुणी काढला ते शोधण्यात वेळ घालवू नका, तो सगळ्यांकडे पोहोचला आहे. ज्या ग्रुपवर तो गेला त्याच ग्रुपवर तुम्ही तुमच्या नावाने लिहा. बाकी सगळं त्यानंतर.

---

त्रिमूर्तीनगर

माझा आतेभाऊ अमेरिकेत, ओहायोत एका ट्रकिंग कंपनीच्या सेफ्टी विभागात आहे, त्याच्याकडे राहून आलो तेव्हा हे काम जवळून पाहिलं. तिकडे जानेवारी १९८७ मध्ये मेरीलँडमधल्या चेस गावाजवळ रेल्वे अपघात झाला, १६ माणसं गेली, आणि इंजिन चालवणाऱ्यांनी गांजा ओढला होता असं निघालं. पुढे १९९१ मध्ये वाहतूक कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा कायदा आला. ट्रकवाल्यांसाठी आज वर्षाला एकूण चालकांच्या ५० टक्के इतक्या नशेच्या आणि १० टक्के इतक्या दारूच्या अचानक तपासण्या कराव्या लागतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या खासगी वाहतुकीला असा कायदा नाही. विमानात मात्र आहे. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्यांच्या नियमाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी १० टक्क्यांची दरवर्षी अचानक नशा-तपासणी होते. तुमच्या कारखान्याने "दहा टक्के" बहुधा तिथूनच उचललं असावं.

नावांबद्दल. भाऊकडे संगणक नावं काढतो, पण तुमच्या ३१ जणांना डबा आणि चिठ्ठ्या पुरेत. महत्त्वाचं एकच: निघालेली चिठ्ठी परत डब्यात गेली पाहिजे. तसं केलं नाही तर ज्याचं नाव या महिन्यात निघालं तो वर्षभर निर्धास्त, आणि शेवटी उरलेल्या दोघांना आधीच कळतं की आता आपणच. तिकडे एखाद्याचं नाव लागोपाठ दोनदाही निघतं. तो चिडतो, पण भाऊ त्याला यादी दाखवतो. चिठ्ठी चालकांपैकीच कुणीतरी काढू द्या, दर वेळी वेगळा माणूस. आणि नाव निघालं की त्याला लगेच पाठवा, "संध्याकाळी जाऊन ये" असं नाही.

१८ बद्दल तिकडचा हिशेब सांगतो. त्यांचे ०.०४ म्हणजे आपले ४०. तेवढं किंवा त्याहून जास्त आलं तर तपासणीत सापडला. २० ते ३९ मध्ये आलं तर २४ तास गाडी नाही, पण सापडला असं धरत नाहीत. २० च्या खाली निकाल निगेटिव्ह. तुमचे काका तिथे त्याच सकाळी गाडी घेऊन गेले असते.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खरोखर सापडलेल्याला तिकडे गाडीवरून ताबडतोब उतरवतात, यात दयामाया नाही. मालकाने नोकरीवर ठेवायचं की नाही हा मालकाचा निर्णय. पण परत स्टिअरिंगवर बसायचा रस्ता लिहून ठेवलेला आहे: आधी व्यसनाच्या तज्ज्ञाकडे जायचं, तो सांगेल ते उपचार किंवा शिक्षण पूर्ण करायचं, मग परतीची तपासणी निगेटिव्ह आली की काम, आणि पुढच्या १२ महिन्यांत न सांगता निदान ६ तपासण्या. भाऊच्या कंपनीत असा परत आलेला एक चालक मी पाहिला. त्याच्या तपासण्या चालू होत्या आणि त्याला त्याचं ओझं वाटत नव्हतं. म्हणाला, बायकोला दाखवायला माझ्याकडे दर वेळी एक कागद असतो.

तुम्हीही तसंच करा. तोवर त्याला गोदामात, लोडिंगवर, टायरच्या कामावर घ्या, म्हणजे घरची चूल बंद पडणार नाही. उपचारासाठी मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. आणि रोज पिणाऱ्याला "उद्यापासून एकदम बंद" असं बजावू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची असते.

---

वाडी नाका

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं. काल रविवारी दत्तवाडीत काकांच्या घरी गेलो. मशीन बरोबर नेलं होतं, दोन नव्या नळ्याही.

काका बाजेवर बसले होते, जागे. सूनबाईंनी पाणी दिलं. मी काकांकडे त्यांचं औषध मागितलं आणि त्यांच्यासमोर पाच थेंब जिभेवर टाकून फुंकलं. ४१ आलं. काका काही बोलले नाहीत, चष्मा लावून आकडा वाचला फक्त. मग मी चूळ भरली आणि आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. पंधरा मिनिटं फार लांब असतात. सूनबाई दारात उभ्या होत्या, हातात पिठाचं ताट तसंच. नळी बदलून परत फुंकलं. ०००.

हे सगळं काकांच्या नातवाने माझ्याच मोबाइलवर शूट केलं, मी सांगितलं म्हणून. तिथेच बसून त्याच ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं की त्या दिवशी दुसऱ्यांदा तपासायला हवं होतं, ते मी केलं नाही, चूक माझी आहे. पहिले तीन आठवडे नावं ठरवून घेतली होती तेही लिहिलं. त्या पाच जणांपैकी दोघांनी वाचलं आहे, उत्तर दिलेलं नाही. मी वाट बघतोय.

शेठजींशी आज सकाळी बोलणं झालं. रोज सगळ्यांनी फुंकायचं, हे मान्य. लघवीसाठी चिठ्ठ्या, लॅबचा माणूस आणि दोन बाटल्या, हेही मान्य, खर्च ऐकून जरा कुरकुरले. सापडलेल्याला गोदामात घ्यायचं यावर म्हणाले, बघू. मागच्या ड्युटीच्या रकान्यावर मात्र अडले. म्हणाले, मग माल वेळेवर कसा पोहोचेल? मी वहीत रकाना आखून टाकला आहे. आऊटर रिंग रोड भाऊ, तो मी भरणार. पहिल्या वेळी किल्ली न देण्याची पाळी येईल तेव्हा काय होईल ते इथे येऊन सांगेन. हिंगणा रोड ताई, बसच्या दारावरच्या कागदाचं उद्याच करतो, त्याला कुणाला विचारायची गरज नाही.

धंतोली लॅब मॅडम, तुमचा क्वार्टरचा हिशेब भिंतीवर लावायला लिहून घेतला आहे. हिंदीतही लावायचा आहे. "पट्टी ही चाळणी आहे" हे वाक्यही त्यातच घालू का, की लघवीच्या तपासणीचा कागद वेगळा ठेवू?

उद्या पावणेसहाला पहिलं फुंकणं माझं. काका काही बोलले नाहीत. निघताना एवढंच विचारलं, रायपूरची गाडी सध्या कोणाकडे आहे. मी सांगितलं, रोज बदली चालक जातोय, गाडी अजून कुणाला दिलेली नाही.